शवासनात डोळे मिटत नाहीत

कचराळीकाठ (५ जुलै, रात्री ११.१०)

लिहू की नको करत आठवडा काढला. आज लिहितेच.

मार्चमध्ये माझा नवरा गेला. पहाटे छातीत दुखतंय म्हणाला, शेजारचे गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ५४, तो ५९. मुलगी बंगळुरूला असते. तेराव्यानंतर महिनाभर राहिली, मग तिलाही जावंच लागलं.

सात वर्षं मी सकाळी सहाच्या योगवर्गाला जाते. ठाण्यात पाचपाखाडीतच, घरापासून दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावरचा हॉल. पंधरा-वीस बायका आणि चार-पाच पुरुष. मार्चपासून गेले नव्हते. जूनच्या शेवटी पुन्हा सुरू केलं, कारण पाठ धरली होती आणि घरात सकाळ खायला उठते. कुणी ‘अरेरे’ केलं नाही, नुसती खिडकीजवळची माझी जागा रिकामी ठेवली होती. पवनमुक्तासनाची मालिका झाली, मार्जारासन झालं, त्रिकोणासनात डळमळले, पण ते वयाचं.

मग शवासन. सर नेहमीसारखं सांगायला लागले: पायांत दीड फूट अंतर, तळवे वर, शरीर सैल, जड, जमिनीवर सोडून द्या. आणि मला आमच्या घरची फरशी दिसायला लागली. त्याला हॉलमध्ये खाली घेतलं होतं, डोक्याशी दिवा, पायांचे अंगठे दोऱ्याने बांधलेले. ‘पायांत अंतर’ म्हटलं की मला ते अंगठे दिसतात. छाती धडधडायला लागली, हात गार पडले. चटई तिथेच टाकून बाहेर आले आणि जिन्यात चपलांच्या ढिगात बसले.

असं चार वेळा झालंय. शवासन आलं की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठते. वर्गातली एक मैत्रीण म्हणते, पळू नकोस, पडून राहा, रडायला आलं तर रड, आठवड्यात जाईल. नणंदेचं वेगळंच. तिच्या मते वर्ष व्हायच्या आत ट्रॅकपँट घालून सकाळी सकाळी बाहेर पडणं बरं दिसत नाही. तिला मी काही बोलले नाही. तुम्हाला मात्र विचारते: असं कुणाचं झालंय का? वर्ग सोडू का?

मोरपंखी (५ जुलै, रात्री ११.४२)

ताई, सोडू नका. बाकी उद्या लिहिते, आत्ता लिहायला गेले तर मीच रडेन.

निवांत_पथिक (६ जुलै, सकाळी ७.०५)

ताई, धीर धरा. आत्मा अमर आहे. शवासन म्हणजे मृत्यूचा सरावच तर आहे, देहाभिमान सोडायचा. आपल्याला ही संधी मिळाली आहे असं समजा. नकारात्मक विचार आले की त्यांना हसून निरोप द्या. गीता सहावा अध्याय जरूर वाचा: ‘तं विद्याद्दुःखसंयोगवियोगं योगसञ्ज्ञितम्’. दुःखाच्या संयोगापासून वियोग म्हणजेच योग!

कचराळीकाठ (६ जुलै, सकाळी ७.५०)

पथिक, मनापासून लिहिलंत, पण ‘संधी’ हा शब्द चार महिन्यांत मला तिसऱ्यांदा ऐकायला मिळाला. वियोग कशाला म्हणतात ते कळलंय मला.

रबाळे_लोकल (६ जुलै, सकाळी ८.२०)

वरच्या प्रतिसादाला +१, म्हणजे ताईंच्या.

मी ऐरोलीत राहतो. दोन वर्षांपूर्वी आई गेली. मला योगातलं ओ का ठो कळत नाही. ऑफिसातल्या एकाने श्वास मोजायला शिकवलं, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, बस. घरी बसून जमेना, कारण घरी आईची खुर्ची समोर. मग ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये सुरू केलं. ऐरोलीला चढलो की रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भेपर्यंत मोजत राहायचं. उभा असतो, डोळे उघडे, एक हात वरच्या कडीला. कुणाला पत्ता लागत नाही. एकदा मोजता मोजता रडायला आलं, तर समोरच्या अनोळखी काकांनी काही न विचारता उठून मला जागा दिली. ट्रान्स हार्बरला बसायला जागा! तेव्हाच कळलं आपला चेहरा कसा झालाय ते.

घरी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम, करून पाहिली होती. खालच्या मजल्यावरून विचारणा आली की पाण्याच्या मोटरीला काही झालंय का.

सतरंजी (६ जुलै, दुपारी २.१५)

नेरुळला योगवर्ग घेते, एकवीस वर्षं झाली. जरा लांब लिहिणार आहे.

ताई, पहिलं म्हणजे तुमचं काही बिघडलेलं नाही. मला असे विद्यार्थी बरेच भेटलेत. आणि चूक असलीच तर आम्हा शिकवणाऱ्यांची. आम्ही कौतुकाने सांगत बसतो, ‘शव म्हणजे प्रेत, प्रेतासारखे पडा.’ समोर पडलेल्यांपैकी कोण गेल्या महिन्यात स्मशानातून आलंय याचा विचार करत नाही. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होते. मग एक बाई आमच्या वर्गात अशाच उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यानंतर मी ते वाक्य बंद केलं.

हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात शवासनाला एकच श्लोक आहे, पहिल्या उपदेशात, म्हणजे अध्यायात. ‘उत्तानं शववद्भूमौ शयनं तच्छवासनम्’ ही त्याची पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते. दुसरी ओळ वाचा: ‘शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’. थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं. काम हे आहे. तुम्ही हुबेहूब प्रेतासारख्या पडलात, पण चित्त फरशीवरच्या त्या अंगठ्यांपाशी धडधडतंय, तर पहिली ओळ पाळली गेली आणि दुसरी मोडली. मग आसन झालं कुठे?

म्हणून मैत्रिणीचं ऐकू नका. पडून राहून सहन करायची ही गोष्ट नाही. उताणं झोपणं सोडा. डाव्या कुशीवर वळा, गुडघे थोडे पोटाशी, दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली चादर, डोक्याखाली उशी किंवा हात. डोळे उघडे ठेवा आणि नजर दाराकडे असू द्या. दार दिसत असलं की जीव कमी घाबरतो, हा माझा अनुभव. कुशीवरही नको वाटलं तर मकरासन, म्हणजे पालथं. पोट जमिनीला टेकलेलं असलं की पाठीला राखण मिळाल्यासारखं वाटतं. तेही नको तर भिंतीला टेकून बसा, पाय लांब. भिंतीवर पाय टाकून पडणं काहींना आवडतं, पण ते उताणंच झालं, तेव्हा तुम्हाला आत्ता नको. अंगावर पातळ चादर घ्या, पण चेहरा झाकू नका आणि पांढरी तर मुळीच नको. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

वेळही कमी करा. दहा मिनिटं कशाला? दोन मिनिटं पडा, उठा.

योगनिद्रा हल्ली सगळे सुचवतात. स्वामी सत्यानंदांनी ती पद्धत आजच्या रूपात आणली ती जुन्या न्यासावरून, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर मन फिरवायचं. छान आहे, पण नुकतंच माणूस गेलेल्याला मी अर्धा तास डोळे मिटून निजवत नाही. हवी असेल तर खुर्चीत बसून, सात-आठ मिनिटांची.

श्वासाचं रबाळे_लोकल यांनी सांगितलं ते अगदी बरोबर. बाहेर सोडणं लांब, रोखणं नाही. दुःख झालं की श्वास बिघडतो ही गोष्ट पतंजलींच्या नजरेतून सुटलेली नाही. त्यांच्या योगसूत्रांतलं, पहिल्या म्हणजे समाधिपादातलं ३१वं सूत्र काढून बघा: ‘दुःखदौर्मनस्याङ्गमेजयत्वश्वासप्रश्वासा विक्षेपसहभुवः’. दुःख, मनाची खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि विस्कटलेला श्वास, चित्त विखुरलं की ही सगळी मंडळी बरोबरच येतात. तुमचे गार पडलेले हात त्या सूत्रात आहेत.

सरांशी बोला. वर्गाच्या आधी, दोन वाक्यांत. ‘मी काही दिवस शवासनाला कुशीवर पडेन’ एवढंच. कारण विचारणार नाहीत. विचारलं तर ते सर कसले.

हाडवैद्य_नव्हे (६ जुलै, रात्री ९.३०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वागळे इस्टेट भागात. सतरंजी यांच्याशी जवळजवळ सहमत. दोन गोष्टींची भर, एका गोष्टीबद्दल कुरकुर.

कुरकुर आधी. पुढे कुणीतरी इथे येऊन ‘दुःख कंबरेत साठतं, नितंबाचे स्नायू मोकळे केले की बाहेर पडतं’ असं लिहिणार, म्हणून आत्ताच सांगतो. स्नायूत आठवणी साठवायला कप्पा नसतो. उष्ट्रासन, कपोतासन अशा मागे वाकायच्या आसनांत लोक रडतात हे खरं. छाती उघडी पडते, श्वास एकदम खोल जातो, दिवसभर आवळून धरलेलं अंग पहिल्यांदा सैल होतं, आणि बाई किंवा बुवा त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प बसलेले असतात. रडू यायला एवढं पुरतं. ते येऊ द्यावं, पण काही ‘बाहेर पडलं’ म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी जोरात ताणू नये. अशा ताणलेल्या कंबरा मग माझ्याकडे येतात.

आता भर. एक: बीपी तपासा. माणूस गेल्यावरच्या महिन्यांत झोप नाही, जेवणाची वेळ नाही, गोळ्या विसरतात. बीपी वाढलेलं असताना कपालभाती, भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) आणि कुंभक (श्वास रोखणं) बंद ठेवा. दोन: छातीत दुखलं तर ‘मन भरून आलंय’ म्हणून बसू नका. ताकोत्सुबो नावाचा प्रकार आहे. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये हे नाव दिलं, कारण तपासणीत हृदयाचा आकार तिकडे ऑक्टोपस पकडायला वापरतात त्या मडक्यासारखा दिसला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये जास्त आढळतो. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची, त्यामुळे घरी ओळखता येत नाही, ईसीजी काढावाच लागतो. ताई, घाबरवत नाही. एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, एवढंच.

कचराळीकाठ (६ जुलै, रात्री १०.१५)

बीपीची गोळी मार्चमध्ये पंधरा दिवस घेतलीच नव्हती. तुम्ही खिडकीतून बघत होता का? उद्या जाते.

नौपाड्याचे_आजोबा (७ जुलै, सकाळी ५.५५)

नणंदबाईंच्या मुद्द्यावर कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. वय ७८, पत्नी जाऊन अकरा वर्षे झाली.

सुतक दहा दिवसांचे. त्यात देवपूजा वर्ज्य असते. श्वास वर्ज्य असल्याचे मी कोणत्याही भटजींकडून ऐकलेले नाही. वर्षभर सण करू नयेत, गोडधोड करू नये, अशी रीत आमच्याही घरी पाळली. पण ती घरच्यांच्या मनाला थोडी उसंत मिळावी म्हणून. बाईने पाठ आखडून घरात बसावे असा तिचा अर्थ कुणी लावत असेल तर त्याला सांगावे की आम्हाला तो ठाऊक नाही. ट्रॅकपँटचा प्रश्न शास्त्रात आलेला नाही.

श्री. पथिक यांनी सहावा अध्याय सांगितला. मी म्हणतो, इतक्या पुढे कशाला जाता? पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्यात तो म्हणतो, ‘सीदन्ति मम गात्राणि मुखं च परिशुष्यति’, गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग कापते आहे. आणि भगवंत पूर्ण अध्यायभर त्याला मध्ये तोडत नाहीत. बोलू देतात. समजावणे दुसऱ्या अध्यायात सुरू होते.

मी स्वतः आसने करत नाही, गुडघा परवानगी देत नाही. पत्नी गेल्यावर जवाहरबाग स्मशानातून आलो तो तेराव्यापर्यंत नुसता बसून होतो. चौदाव्या दिवशी चालायला लागलो, तो अजून चालतो आहे.

निवांत_पथिक (७ जुलै, सकाळी ९.१०)

आजोबा, पटलं. ताई, माफ करा. वडील गेले तेव्हा मला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, तेच पुढे सरकवलं.

कचराळीकाठ (७ जुलै, सकाळी ९.३०)

माफी कसली हो. वडिलांना किती वर्षं झाली?

निवांत_पथिक (७ जुलै, सकाळी ९.३४)

सात महिने.

मोरपंखी (८ जुलै, दुपारी ४.००)

म्हटलं होतं लिहीन म्हणून. खारघरला राहते, धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला.

माझं तुमच्या उलट झालं. मला योग सुटेचना. सकाळी १०८ सूर्यनमस्कार, संध्याकाळी पुन्हा वर्ग, शनिवार-रविवार ऑनलाइन शिबिर. सगळे म्हणायचे किती सावरली बघा. प्रत्यक्षात मी भावाच्या खोलीचं दार उघडलं नव्हतं. अंग इतकं दमवायचं की रात्री पडल्या पडल्या झोप लागली पाहिजे, एवढाच हिशेब. आई एकदा म्हणाली, ‘तू थांबलीस की मला भेटशील का गं?’ तेव्हाही थांबले नाही. खांदा दुखावला तेव्हा थांबले. डॉक्टरांनी सहा आठवडे काही करायचं नाही म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी माझं सगळं कोसळलं.

तेव्हा मी १४४१६ ला फोन केला. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा आहे ती, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने मला ‘सूर्यनमस्कार छान आहेत हो, पण भावाचं नाव काय होतं?’ असं विचारलं. कित्येक महिन्यांत त्याचं नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. पुढे समुपदेशकाकडे वर्षभर जात होते. त्यांच्याकडून कळलं की शोक लांबून अडकून बसण्याला आता वैद्यकात रीतसर निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने धरतात, अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या यादीत मोठ्यांसाठी वर्ष. म्हणजे सहा महिने झाले की आजारी असं नव्हे हां. रोजचं जगणंच अडून बसलेलं असेल तर. चार महिन्यांत शवासनात घाबरणं यातलं नाही, असं माझं मत. पण झोप, जेवण सगळंच जायला लागलं किंवा जगणं नको वाटलं तर वाट बघू नका.

आता आठवड्यातून तीनदा करते. बारा सूर्यनमस्कार. बारा पुरतात.

कोपरीची_कैरी (८ जुलै, सायंकाळी ६.२०)

सगळं वाचलं, डोळे भरले. अवांतर विचारते, रागावू नका: या पावसात तुमच्या चटया वाळतात का? माझ्या रबरी मॅटला कुबट वास मारतोय, शवासनात नाक तिच्याजवळ नेववत नाही.

सतरंजी (८ जुलै, सायंकाळी ६.४५)

पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि पंख्याखाली उभी टांगा, गुंडाळून ठेवू नका. किंवा माझ्या नावाकडे बघा. सुती सतरंजी घ्या, धुता येते.

कचराळीकाठ (१६ ऑगस्ट, रात्री १०.४०)

धागा वर काढतेय. सगळ्यांनी इतकं लिहिलंत आणि मी गायब झाले, म्हणून.

डॉक्टरांकडे जाऊन आले. ईसीजी ठीक आहे, गोळी बदलली. नणंदेला आजोबांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. ‘ट्रॅकपँटचा प्रश्न शास्त्रात आलेला नाही’ला ती हसली. मार्चनंतर आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो. भाऊ तिचाही गेलाय, हे मी विसरूनच गेले होते.

सरांना सांगितलं, कुशीवर पडेन म्हणून. ‘पडा की,’ म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पायांतलं अंतर सांगणंच सोडलं, ‘ज्याला जसं बरं वाटेल तसं’ म्हणतात. मी डाव्या कुशीवर, दाराकडे तोंड. मला वाटलं होतं सगळ्यांत मी एकटीच वेडीवाकडी दिसेन. चौथ्या दिवशी माझ्या पुढच्या चटईवरच्या मावशीही कुशीवर वळल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं काय आहे मला माहीत नाही आणि विचारणारही नाही.

पण खरी गोष्ट सांगायची ती वेगळीच आहे. मला वाटत होतं की फरशी आणि अंगठे, तेच कारण. परवा कुशीवर पडले होते, डोळे उघडे, बाहेर पावसाची भुरभुर. खाली कुणीतरी स्कूटर स्टँडला लावली. खट्. आणि माझं अंग उठायला लागलं, आपोआप, हात टेकून अर्धी बसलेसुद्धा.

सात वर्षं तो मला वर्गाला सोडायचा. मी वर, तो कचराळी तलावाला फेऱ्या मारायला. सात वाजता न्यायला यायचा, ते बरोबर आमच्या शवासनाच्या वेळी. खिडकीखाली स्टँडचा खट् आवाज आला की मला कळायचं, आला. मग मी उरलेली पाच मिनिटं निवांत पडायचे. सगळ्या वर्गात माझंच शवासन इतकं छान कसं लागतं असं सर म्हणायचे. लागणारच. खाली तो आलेला असायचा.

म्हणजे इतके दिवस मी शवासनाला घाबरत नव्हते बहुतेक. मी त्या आवाजाची वाट बघत होते आणि तो येत नव्हता.

परवा बसल्यावर पुन्हा आडवी झाले. स्कूटर कुणाची होती देव जाणे, माणूस मोबाइलवर जोरजोरात दुधाचा हिशेब करत होता. तो हिशेब संपेपर्यंत पडून राहिले. रडले, पण उठून गेले नाही.

एक विचारायचं होतं. तो कचराळीला नक्की किती फेऱ्या मारायचा मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. तासाभरात किती होत असतील?

नौपाड्याचे_आजोबा (१७ ऑगस्ट, पहाटे ५.२०)

चालण्यावर अवलंबून आहे. त्यांच्या वयाला माझ्या दुप्पट तरी होत असाव्यात. मी रोज सव्वासहाला कचराळीला असतो, काळी छत्री, तपकिरी टोपी. रविवारी तुमचा वर्ग नसेल तर यावे. बोलायला हवेच असे नाही.

कचराळीकाठ (१७ ऑगस्ट, पहाटे ५.३१)

येते. तुम्ही किती मारता?

नौपाड्याचे_आजोबा (१७ ऑगस्ट, पहाटे ५.३३)

चार. गुडघा बरा असेल तर पाच.